मांजराच्या अंगाची निगा आणि स्वच्छता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांजर मळकट दिसू लागले, त्याच्या अंगाला वास येऊ लागला किंवा केसांचा गुंता झाला की घरातल्यांचा हात आधी साबणाकडे जातो. मांजराच्या बाबतीत मात्र अंगावरचा मळ हे बहुधा दुसऱ्याच कशाचे तरी लक्षण असते, आणि अंगाला लावलेली प्रत्येक वस्तू चाटण्यातून त्याच्या पोटात जाते. खालील उत्तरे या दोन गोष्टी लक्षात घेऊनच वाचावीत.

मांजर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवते, तर माणसाने मदत करण्याची गरज कधी पडते?

आखूड केसांच्या, निरोगी आणि तरण्या गावठी मांजराला फारशी मदत लागत नाही. जागेपणीच्या वेळेचा मोठा भाग ते अंग चाटण्यात घालवते. त्याच्या जिभेवर केराटिनचे, म्हणजे आपली नखे ज्या द्रव्याची बनतात त्याच द्रव्याचे, घशाच्या दिशेने वळलेले काटे असतात. या काट्यांची टोके पन्हळीसारखी पोकळ असून त्यांतून लाळ थेट केसांच्या मुळाशी पोहोचते, असे अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले. ही लाळ वाळताना अंगही थंड होते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत चाटणे वाढलेले दिसले तरी त्यात वावगे काही नाही.

लांब केसांची मांजरे, वयस्क मांजरे, लठ्ठ मांजरे, आजारातून उठलेली मांजरे आणि आई नसलेली पिल्ले यांना मात्र माणसाचा हात लागतोच. पर्शियन मांजराचे केस माणसाने निवडून-निवडून इतके दाट आणि लांब केले आहेत की केवळ जिभेने ते आवरणे त्या मांजराला शक्यच नसते. असे मांजर घरी आणणाऱ्याने रोज कंगवा फिरवण्याची तयारी ठेवली पाहिजे.

आमच्या मांजराने अलीकडे अंग चाटणे जवळजवळ सोडले आहे. पाठीवरचे केस तेलकट झाले असून त्यांत कोंडा दिसतो. वय झाल्यामुळे असे होते का?

वय हे कारण पुरेसे नाही. वयाबरोबर आलेले दुखणे शोधावे लागते. चाटण्यासाठी मांजराला पाठीचा कणा पूर्ण वळवावा लागतो आणि मागचा पाय उभा धरून तोल सांभाळावा लागतो. सांधे दुखत असतील तर ते आधी कमरेचा आणि शेपटीच्या मुळाजवळचा भाग सोडून देते, आणि तोच भाग तेलकट व विस्कटलेला दिसू लागतो. बारा वर्षांपुढच्या १०० मांजरांच्या क्ष-किरण चित्रांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ९० मांजरांमध्ये सांध्यांची झीज आढळली होती. मांजर लंगडत नाही आणि कण्हतही नाही, म्हणून हे दुखणे घरात कोणाच्या लक्षात येत नाही. पूर्वी एका उडीत ओट्यावर चढणारे मांजर आता आधी स्टुलावर आणि मग ओट्यावर जाते का, उतरताना पुढचे पाय आधी खाली टेकवून अंग सोडते का, खिडकीतली त्याची नेहमीची जागा त्याने बदलली आहे का, याकडे लक्ष द्यावे.

दुसरे मोठे कारण तोंडात असते. हिरड्या सुजलेल्या असतील किंवा दात दुखत असेल तर जीभ फिरवणेच नकोसे होते. तोंडाला दुर्गंधी येणे, लाळ गळणे, मासा तोंडात घेऊन टाकून देणे, पुढच्या पायांवर वाळलेल्या लाळेचे तपकिरी डाग दिसणे या त्याच्या खुणा आहेत. लठ्ठ मांजराची मान पाठीपर्यंत पोहोचतच नाही. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह आणि थायरॉईडचा विकार यांतही केसांची रया जाते. पाणी पिणे वाढले असेल तर तपासणी लांबवू नये. दहा वर्षांपुढच्या मांजराची दर सहा महिन्यांनी तपासणी करून घेणे श्रेयस्कर.

एक इशारा येथेच देणे आवश्यक आहे. सांधे दुखतात म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. मांजराच्या यकृताला हे औषध निकामी करून बाहेर टाकता येत नाही, आणि एका गोळीनेही त्याचा जीव जाऊ शकतो.

केसांच्या जटा झाल्या आहेत. त्या कात्रीने कापून टाकाव्यात का?

कात्री वापरू नये. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. जट ओढली की तिच्याबरोबर कातडीही तंबूसारखी वर येते, आणि कात्रीच्या दोन पात्यांमध्ये केस कोणते व कातडी कोणती हे वरून दिसत नाही. अशा जखमांना टाके घालावे लागतात.

जटा बहुतेक वेळा कानांच्या मागे, काखेत, पोटावर आणि जांघेत होतात, कारण तेथे केस केसांवर घासतात. लहान जट असेल तर तिच्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळावे. एका हाताची बोटे जटेच्या मुळाशी, कातडीला लागून घट्ट धरावीत, म्हणजे ओढ कातडीपर्यंत जात नाही. मग दुसऱ्या हाताने जटेच्या टोकाकडून, आधी बोटांनी आणि नंतर रुंद दातांच्या धातूच्या कंगव्याने, थोडे-थोडे केस मोकळे करत मुळाकडे यावे. मुळापासून टोकाकडे ओढू नये. त्याने जट आणखी आवळते. मांजराची शेपटी आपटू लागली किंवा पाठीची कातडी थरथरू लागली की त्या दिवसापुरते थांबावे.

जट ओली करू नये, कारण वाळताना ती नमद्यासारखी घट्ट बसते. म्हणूनच आंघोळ घालायची असेल तर केस आधी विंचरून मोकळे करावेत. जटा एकमेकींत मिसळून पाठीवर सलग थर झाला असेल तर घरगुती उपाय सोडून द्यावेत. त्या थराखाली हवा जात नाही, कातडी ओली राहून लाल होते, आणि पावसाळ्यात तेथे जखमा चिघळून अळ्याही पडू शकतात. अशा वेळी पशुवैद्याकडून, गरज पडल्यास भूल देऊन, यंत्राने केस काढून घ्यावेत. केस पुन्हा येतात. उन्हाळ्यात गारवा मिळावा एवढ्याचसाठी मात्र संपूर्ण अंग भादरून घेण्याची हौस अनावश्यक आहे.

मांजराला आंघोळ किती दिवसांनी घालावी?

बहुतेक मांजरांना नियमित आंघोळीची गरजच नसते. अंगाला काही घातक किंवा चिकट लागले असेल, त्वचारोगासाठी पशुवैद्याने औषधी शाम्पू सांगितला असेल किंवा लांब केसांचे मांजर जुलाबाने बरबटले असेल, तर आंघोळ घालावी. आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला आणि तापलेल्या किंवा अशक्त मांजराला आंघोळ घालू नये. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे.

मांजराच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, त्यामुळे आपल्याला कोमट वाटणारे पाणी त्याला चालते. पायाखाली जाड टॉवेल अंथरावा. पंजे घसरले नाहीत तर निम्मी आरडाओरड होतच नाही. नळाची धार अंगावर सोडण्याऐवजी मगाने पाणी घालावे, आणि तोंड ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. मांजराच्या त्वचेची आम्लता आपल्यापेक्षा वेगळी असल्यामुळे माणसांचा शाम्पू, लहान मुलांचा म्हणून विकला जाणारासुद्धा, नेहमीसाठी वापरू नये. शिकेकाई आणि रिठा डोळ्यांत गेल्यावर काय होते हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी तपकिरी जंतुनाशके आणि फिनाईल हे पदार्थ मांजराच्या अंगाला, त्याच्या शी-शूच्या ट्रेला आणि ते ज्या ओल्या फरशीवरून चालते तिलाही लावू नयेत. फिनॉलच्या वर्गातली द्रव्ये मांजराच्या यकृताला पेलत नाहीत, आणि पंजे चाटून ती पोटात जातात. ‘टी ट्री’ तेल, निलगिरीचे तेल, कापूर आणि रॉकेल यांचेही तेच.

पिसवा झाल्या आहेत हे कसे ओळखावे, आणि कुत्र्यासाठी आणलेले औषध मांजराला लावले तर चालेल का?

पिसू दिसली नाही म्हणजे ती नाही असे समजू नये, कारण मांजर त्या चाटून गिळते. शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर बारीक दातांची फणी फिरवावी आणि फणीत आलेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावी. कणीभोवती तांबूस गंजासारखे वर्तुळ पसरले तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजेच पचलेले रक्त आहे. गुदद्वाराजवळ तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसत असतील तर पिसवा गिळल्यामुळे पोटात फीतकृमी झाला आहे, आणि जंताचे औषधही द्यावे लागेल.

कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये. कुत्र्यांसाठीच्या मानेवर सोडायच्या अनेक थेंबांमध्ये आणि पावडरींमध्ये पर्मेथ्रिन असते. ते मांजराच्या मज्जासंस्थेवर परिणाम करते आणि काही तासांत थरथर, झटके व मृत्यूही ओढवू शकतो. गोचिडांसाठीचे अमिट्राझही तसेच वर्ज्य आहे. चुकून लावले गेले असेल तर भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाने आणि कोमट पाण्याने ते लगेच धुऊन काढावे आणि लक्षणे दिसण्याची वाट न पाहता पशुवैद्याकडे जावे. घरात कुत्रा आणि मांजर एकत्र झोपत असतील तर कुत्र्याला लावलेले औषध पूर्ण वाळेपर्यंत दोघांना वेगळे ठेवावे.

मांजरांसाठी फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन असलेले थेंब मिळतात. वजनाप्रमाणे योग्य मात्रा घेऊन ते मानेच्या मागे, जिभेला न पोहोचणाऱ्या जागी, केस बाजूला करून थेट कातडीवर सोडावेत. अंगावरच्या प्रौढ पिसवा हा एकूण पिसवांचा छोटा भाग असतो; अंडी, अळ्या आणि कोष गोधडीत, सोफ्याच्या खाचांत आणि फरशीच्या फटींत असतात. त्यामुळे घरातल्या सर्व प्राण्यांना एकाच वेळी औषध लावणे, अंथरूण कढत पाण्यात धुणे आणि हा क्रम किमान तीन महिने चालू ठेवणे भाग आहे.

रंगपंचमीचा रंग, गाडीचे ऑइल किंवा असेच काही अंगाला लागले तर काय करावे?

पहिले काम धुण्याचे नसून चाटणे थांबवण्याचे आहे. मांजराला टॉवेलात गुंडाळून फक्त डोके बाहेर ठेवावे किंवा गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालावी. कोरडा रंग आधी झटकून आणि कोरड्या फडक्याने पुसून काढावा, मग कोमट पाणी वापरावे. थंडीच्या दिवसांत गाडीच्या बॉनेटखाली शिरणाऱ्या मांजरांना लागलेले ऑइल काढताना आधी कॉर्नफ्लोअर दाबून जमेल तेवढे शोषून घ्यावे, नंतर थोडे खाण्याचे तेल चोळून ते सैल करावे आणि शेवटी भांड्यांच्या सौम्य द्रवाने धुवावे. टर्पेंटाइन किंवा थिनर वापरू नये. ताजा ऑइल पेंट असेल तर तेवढे केस यंत्राने काढून घेणे सर्वांत सोपे.

फुलदाणीतल्या लिलीकडे सहसा कोणी संशयाने पाहत नाही. खऱ्या लिलीचे पराग मांजराच्या अंगावर सांडले आणि त्याने ते चाटले, तरी त्याचे मूत्रपिंड काही दिवसांत निकामी होऊ शकते. मांजर असलेल्या घरात लिलीचा गुच्छ आणूच नये.

अंगावर गोल टक्कल पडले आहे. तो नायटा असेल का, आणि घरातल्यांना लागू शकतो का?

शक्यता मोठी आहे. मांजरांमधला नायटा बहुधा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे होतो. डोके, कान आणि पुढचे पाय येथे केस तुटून गोल, कोंडा असलेले चट्टे दिसतात; काही मांजरांवर, विशेषतः पर्शियनवर, चट्टा न दिसताही बुरशी असते. ती माणसांना लागते, आणि लहान मुले, वृद्ध व प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींना लवकर लागते. घरात कोणाच्या हातावर गोल लाल कडे उठले तर मांजरालाही तपासून घ्यावे. गळालेल्या केसांवरचे बीजाणू वर्षभराहूनही अधिक टिकतात, म्हणून झाडूने उडवण्याऐवजी केस ओल्या फडक्याने टिपावेत.

औषधाच्या दुकानातून आणलेले खाज-गजकर्णाचे मलम लावू नये. आपल्याकडच्या अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असते. त्याने लाली कमी झाल्यासारखी वाटते आणि बुरशी मात्र पसरत राहते. शिवाय ते मलम मांजर चाटतेच. पोटातून द्यायचे औषध आणि औषधी स्नान हा उपचार कित्येक आठवडे चालतो, आणि केस पुन्हा आले म्हणून मध्येच थांबवायचा नसतो.

ते सतत कान खाजवते आणि कानात काळी घाण आहे. कापसाच्या काडीने साफ करावे का?

काडी आत घालू नये. त्याने मळ आणखी खोल जातो. कॉफीच्या चोथ्यासारखी कोरडी काळी घाण हे कानातल्या किड्यांचे लक्षण असते. हे किडे पिल्लांमध्ये फार आढळतात आणि घरातल्या सर्व मांजरांना होतात. पशुवैद्याने दिलेले द्रावण कानात सोडून कानाचे मूळ बाहेरून चोळावे, मांजराला डोके झटकू द्यावे आणि वर आलेला मळ कापसाने टिपावा. कानांच्या कडांपासून सुरू होऊन डोक्यावर पसरणारी, राखाडी पापुद्र्यांची, असह्य खाजेची खरूज हा वेगळा रोग असून त्याचा उपचार सोपा आणि खात्रीचा आहे. पांढऱ्या कानांच्या मांजराच्या कानाच्या टोकावर न भरणारी खपली असेल तर उन्हामुळे होणाऱ्या कर्करोगाची शंका घेऊन ती लगेच दाखवावी.

मागचा भाग वारंवार घाण होतो. रोज पुसूनही उपयोग होत नाही. काय करावे?

आधी खाणे तपासावे. मांजराला दूध-पोळी किंवा दूध-भात घालण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. पण दूध सुटल्यानंतर बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, आणि पातळ शौच होऊन मागचे केस बरबटतात. दूध बंद केल्यावर चार-सहा दिवसांत फरक पडला तर उत्तर मिळालेच. फरक न पडल्यास ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन जंतांसाठी तपासून घ्यावी. लांब केसांच्या मांजराचे शेपटीखालचे आणि मांड्यांच्या मागचे केस यंत्राने आखूड ठेवावेत. मांजर जमिनीवर ढुंगण घासत असेल तर गुदग्रंथी तुंबलेल्या असू शकतात. त्या घरी दाबू नयेत.

मांजर ट्रे सोडून कोपऱ्यात किंवा गादीवर लघवी करते. ते मुद्दाम करते का?

मांजर सूड म्हणून असे करत नाही. एक तर ट्रे त्याला पसंत नाही, नाहीतर त्याला काहीतरी दुखते आहे. ट्रेची लांबी मांजराच्या लांबीच्या दीडपट असावी, घरात मांजरे जितकी त्याहून एक ट्रे जास्त असावा, आणि तो वॉशिंग मशीनसारख्या अचानक गरगरणाऱ्या वस्तूशेजारी नसावा. सुगंधी लिटर, म्हणजे ट्रेत पसरायची विकतची भुकटी, आपल्या नाकासाठी असते. मांजराला बिनवासाचे, बारीक कणांचे आवडते. बारीक चाळलेली वाळूही चालते, मात्र ती दर थोड्या दिवसांनी पूर्ण बदलावी लागते. सांधे दुखणाऱ्या मांजरासाठी ट्रेची एक कड कापून उंबरठा खाली आणावा.

घाण रोज काढावी. याला आरोग्याचेही कारण आहे: टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात, त्यामुळे रोजच्या सफाईने धोका बराच टळतो. गर्भवती स्त्रीने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे, किंवा हातमोजे घालून करावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. त्यासाठी मांजर घराबाहेर काढण्याची गरज नाही.

बोका वारंवार ट्रेवर बसतो, जोर करतो, थेंबही पडत नाही आणि उठून लिंगाची जागा चाटत राहतो, असे दिसले तर तो फार स्वच्छता पाळतो आहे असे समजू नये. त्याचा मूत्रमार्ग बंद झाला आहे, आणि एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. रात्र असली तरी त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

उलट आमचे मांजर इतके चाटते की पोटावरचे केस गेले आहेत. हा स्वभाव आहे का?

पिसवांची ॲलर्जी, अन्नाची ॲलर्जी, बुरशी आणि मूत्राशयाचा दाह ही कारणे आधी तपासावीत. खालच्या पोटावरच टक्कल असेल तर मूत्राशयाकडे विशेष लक्ष द्यावे. ही सर्व कारणे वगळल्यावरच मानसिक ताणाचा विचार करावा. नवे मांजर, घरबदल, शेजारचे बांधकाम, दिवाळीतले फटाके यांनी ताण येतो. कडू औषध लावून चाटणे थांबवण्याने मूळ कारण जागच्या जागी राहते.

नखे कापावी लागतात का?

घरातच राहणाऱ्या आणि वयस्क मांजराची कापावी लागतात. म्हाताऱ्या मांजराच्या नखांचे जुने पापुद्रे गळत नाहीत, आणि नख गोल वळून पंजाच्या गादीत रुतते. पंजा हलका दाबून नख बाहेर आणावे, आत दिसणारा गुलाबी भाग सोडून फक्त पारदर्शक टोक कापावे. एका बैठकीत दोनच नखे जमली तरी पुरे.

केसांचे गोळे ओकणे किती वेळा झाले तर काळजी करावी?

अधूनमधून एखादा गोळा निघणे चालते. आठवड्यातून अनेकदा ओकारी होत असेल, भूक मेली असेल किंवा शौच बंद झाले असेल तर आतड्यात अडथळा असू शकतो. मान लांब करून, जमिनीशी बसून खोकणारे आणि शेवटी काहीच न ओकणारे मांजर बहुधा दम्याचे रुग्ण असते. अशा खोकल्याचे मोबाइलवर चित्रण करून दाखवल्यास निदानाला मोठी मदत होते.

आई नसलेल्या पिल्लाची स्वच्छता कशी करावी?

पहिले सुमारे तीन आठवडे पिल्लाला आपले आपण शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. त्यामुळे प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने खालचा भाग हलक्या हाताने पुसत राहावे, लघवी होईपर्यंत. मग कोरडे करून उबेत ठेवावे. गाईचे दूध न देता मांजराच्या पिल्लांसाठीची दूध-पावडर वापरावी.

मांजर अंगाला हातच लावू देत नाही. अशा वेळी कोणाकडे जावे?

एरवी लाडात येणारे मांजर ठरावीक जागी हात लावताच फिस्कारत असेल तर ती जागा दुखते आहे. तिथे जबरदस्ती करू नये. नुसतीच सवय नसेल तर जेवणाआधी, भूक लागलेली असताना, गालापासून सुरुवात करून एखादा मिनिट कंगवा फिरवावा आणि लगेच आवडता घास द्यावा. चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन, रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

परळच्या १८८६ साली स्थापन झालेल्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयात, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयांत प्राण्यांवर उपचार होतात. परळलाच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशू रुग्णालयही आहे. मांजराला हातात धरून रिक्षात बसू नये. झाकणाच्या टोपलीत, ओळखीच्या वासाचे फडके घालून न्यावे. जाण्याआधी त्याला धुऊन-पुसून चकचकीत करू नये, कारण कोंडा, कणी आणि वास यांवरूनच निदान होते. अंगाला काही लावले असेल तर ते कितीही किरकोळ वाटले तरी सांगावे, आणि त्याची बाटली किंवा वेष्टण बरोबर न्यावे.